काटकसर : कमी पैशात घर कसे चालवावे?

"महिन्याच्या पगारातून आधी बचत काढा, मग खर्च करा," असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण आपल्या अमरावती-अकोल्याकडे किती घरांत महिन्याचा पगार येतो? कास्तकाराच्या घरी पैसा येतो दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकल्यावर आणि नंतर कापूस विकल्यावर. खर्च मात्र बाराही महिने चालतो. म्हणून आपली काटकसर जरा वेगळी असायला पाहिजे.

आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. संत गाडगेबाबांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील दारूपायी गेले. छोटा डेबू मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढला आणि तिथे सावकारी कर्ज घराचे काय करते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. म्हणूनच पुढे कीर्तनातून बाबा सांगत राहिले की कर्ज काढून सण, लग्न, तेरवी करू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा. स्वतःच्या मुलीच्या बारशालाही त्यांनी दारू-मटणाची चाल मोडून गोड जेवण दिले.

बाबांचे म्हणणे आकड्यांत पाहू. समजा, तेरवीसाठी 20,000 रुपये शेकडा 3 रुपये महिना व्याजाने काढले.

महिन्याचे व्याज : 600 रुपये
वर्षाचे व्याज : 7,200 रुपये
3 वर्षांचे व्याज : 21,600 रुपये

म्हणजे 3 वर्षांत मुद्दलापेक्षा जास्त पैसा व्याजातच गेला आणि मुद्दल जसेच्या तसे डोक्यावर! एक कप चहा कमी करून हे भरून निघत नाही. म्हणून काटकसरीची पहिली पायरी म्हणजे दिखाव्यासाठी कर्ज न काढणे. "लोक काय म्हणतीन?" असे वाटतेच. पण लोक एक दिवस जेवून जातात, हप्ता आपल्यालाच भरावा लागतो.

आता बाकीच्या पायऱ्या पाहा.

1. माल विकला की पैशाचे वाटे करा. आधी पीककर्जाचा वाटा काढा, कारण मुदतीत भरले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा फायदा मिळतो. मग जूनच्या पेरणीचा बी-खताचा वाटा काढा. तिसरा वाटा शाळा-दवाखान्याचा.

2. उरलेल्या पैशाला 12 ने भागा. घरखर्चाला 60,000 उरले, तर महिन्याला 5,000. पैसा बँकेत ठेवा आणि महिन्याला तेवढाच काढा. खिशात असलेला पैसा उडतेच!

3. वर्षाचे धान्य, डाळ, तिखट-मसाला हंगामात भरून ठेवा. थोडे थोडे उधारीवर आणले की महाग पडते.

4. रोजमजुरीचे घर असेल तर आठवड्याला जमेल तेवढे बचत गटात टाका. पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला 100 रुपयांपासून सुरू होते. 10 वर्षांखालील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान 250 रुपयांत चालू राहते.

5. खर्च वहीत लिहा. खर्रा, मोबाईलचे रिचार्ज, पेट्रोल यांची महिन्याची बेरीज करून पाहा, मग कुठे हात आखडायचा ते आपोआप कळते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. दूध, औषध आणि वह्या-पुस्तके यांवरचा खर्च तोडला तर ती बचत नाही, ते नुकसान आहे. गाडगेबाबांनी स्वतः अंगावर चिंध्या घातल्या, पण लोकांकडून मिळालेल्या पैशातून धर्मशाळा आणि शाळा उभारल्या. पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे लावायचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

गृहपाठ : आज आईबाबांजवळ बसा. घरावर कोणते कर्ज आहे, त्याचे महिन्याचे व्याज किती होते, ते विचारा आणि वर दिल्याप्रमाणे 3 वर्षांचा हिशेब वहीत मांडा. तो हिशेब त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.