साधन मापाचे असावे, कार्ड जवळ असावे

आपल्या पांढुर्णा-सौसर भागात शिबिरातून मिळालेली कुबडी किंवा श्रवणयंत्र काही दिवस वापरून कपाटावर ठेवून दिल्याचे आम्ही बऱ्याच घरी पाहतो. "सवयच होत नाही," असे घरचे सांगतात. पुष्कळदा दोष सवयीचा नसतो, मापाचा असतो. आणि साधन पडून राहिले की माणूसही घरात पडून राहतो.

काठीचेच पाहा. पायात नेहमीची चप्पल घालून सरळ उभे राहावे, हात मोकळे सोडावेत. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. आपल्याकडे बहुतेक जण नेमके उलटे करतात. खालचे रबर झिजले की लगेच बदलावे, नाहीतर ओल्या फरशीवर काठीच घसरते.

श्रवणयंत्र कानाच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे जुळवलेले असते. म्हणून आजोबांचे यंत्र आजीला देऊ नये. सुरुवातीला शांत खोलीत थोडा थोडा वेळ लावावे. पावसाळ्यात ओलाव्यापासून जपावे.

शेतकऱ्याला मांडी घालून बसावे लागते, अनवाणी चालावे लागते. हे ओळखून जयपूरला १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी 'जयपूर फूट' घडवला. संत्र्याच्या बागेत, कपाशीच्या वावरात काम करणाऱ्याला तो सोयीचा आहे. मात्र उरलेल्या पायाची जाडी काळाने बदलते, तेव्हा वरची खोबण पुन्हा मापून घ्यावी.

दृष्टिहीन सभासदांसाठी आमच्या बँकेतल्या अनुभवाची एक गोष्ट. नव्या नोटांच्या दोन्ही कडांना उठावदार तिरप्या रेषा असतात: १०० च्या नोटेला चार, ५०० च्या नोटेला पाच. २०० च्या नोटेला चार रेषांमध्ये दोन गोल असतात. बोटाने सराव केला की नोट ओळखता येते. रिझर्व्ह बँकेचे 'मनी' हे मोबाइल ॲप नोट कॅमेऱ्यासमोर धरताच रक्कम बोलून सांगते.

आता खर्चाचे. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना साधने मिळतात. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास ठरलेल्या मर्यादेत पूर्ण खर्च, ३०,००० पर्यंत निम्मा. बीपीएल कुटुंबातील साठीपुढच्यांसाठी २०१७ पासून 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आहे; तिच्यात काठी, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र मिळते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करता येतो. "आपले कागद मध्य प्रदेशचे, नागपूरला कोण विचारणार?" असे अनेकांना वाटते. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. लेक लग्न होऊन वरुडला गेली, तरी तिला ते तिथे पुन्हा काढावे लागत नाही. राज्याच्या योजनांच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या विचारून घ्याव्यात.

तेव्हा सभासदांनो, कपाटावरचे साधन आज खाली काढा. माप चुकले असेल तर दुरुस्त करून घ्या. पुढच्या शिबिराला जाताना ज्याला साधन हवे आहे त्यालाच सोबत न्या. फक्त कागद घेऊन जाऊ नका. माप माणसाचे घ्यायचे असते.