लसीनंतर क्वचित् होणारा तीव्र दाह

नोव्हेंबर २०२२ मध्यें मुंबई, मालेगांव व आपली भिवंडी या शहरांत गोवराचा उद्रेक झाला. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेलीं मुलें पुष्कळ होतीं. लसीनें अंगांत नवाच रोग पेटतो, ही भीति कित्येक आईबापांच्या मनांत असते. ती अगदींच निराधार नाहीं. परंतु तिचें खरें माप कळल्यावांचून निर्णय करणें धोक्याचें आहे. सबब, विषय शेतकीचा नसतांही तो आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

भाताच्या रोपांसाठीं आपण राब भाजतों. आग तण जाळते आणि काम होतांच विझते. लसीचें कार्य असेंच आहे. रोगजंतूचा दुबळा केलेला किंवा निर्जीव अंश शरीरांत जातो, रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यास ओळखून झुंजतात, थोडा ताप येतो व ओसरतो. ओळख मात्र कायम राहते. गोवराच्या लसीनंतर असा ताप बहुधा सहाव्या ते बाराव्या दिवशीं येऊन एकदोन दिवसांत उतरतो. त्यास भिऊं नये.

परंतु क्वचित् राबाची आग बांध ओलांडून गवताच्या गंजीस लागते. त्याचप्रमाणें एखाद्या शरीरांत झुंज थांबतच नाहीं. पेशी एकमेकींस चेतविणारीं द्रव्यें सोडीत राहतात आणि भक्षक पेशी आपल्याच रक्तपेशी गिळूं लागतात. यास वैद्यकांत हीमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस म्हणतात. कांहीं मुलांत याचें मूळ जन्मजात दोषांत असतें. पुष्कळदां ही आग रोगसंसर्गानें पेटते, स्वतः गोवरानेंही पेटूं शकते. लसीनंतर पेटल्याचीं उदाहरणें फार थोडीं आहेत.

कोविडच्या लसीनंतरही अनेक अवयवांचा दाह होण्याचा असाच एक विकार आढळला. अमेरिकेंत डिसेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळांत लस घेतलेल्या १२ ते २० वर्षांच्या सुमारें २ कोटी १३ लाख व्यक्तींत त्याचे २१ रुग्ण नोंदले गेले, म्हणजे दहा लाखांत एक. त्यांतील १५ जणांस पूर्वीं कोविड होऊन गेल्याचा पुरावा होता. सर्व रुग्ण बरे होऊन घरीं गेले. उलट गोवर झालेल्या दर हजार मुलांत सुमारें एकास मेंदूचा दाह होतो. कोणतें पारडें जड, हें वाचकांनींच ठरवावें.

तथापि विरळ म्हणून बेसावध राहूं नये. लसीनंतर ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, मूल निपचित पडलें, पोट फुगलें, डोळे पिवळे झाले किंवा अंगावर रक्ताचे ठिपके उठले, तर अंगारेधुपाऱ्यांत वेळ न घालवितां रुग्णालय गांठावें आणि लसीचें कार्ड दाखवावें. रक्तपेशींची मोजणी व फेरिटिनची तपासणी यांवरून डॉक्टरांस निदानाची दिशा मिळते. स्टेरॉईडसारख्या औषधांनीं हा दाह आवरतां येतो. उशीर झाल्यास प्राणावर बेततें. घटनेची नोंद आरोग्यसेविकेकडून अवश्य करवावी. अशा नोंदींवरूनच धोक्याचें माप ठरतें.

ज्या मुलास पूर्वींच्या लसीनें गंभीर त्रास झाला असेल, किंवा ज्याची रोगप्रतिकारशक्ति दुर्बल असेल, त्याची हकीकत टोंचण्यापूर्वींच डॉक्टरांस सांगावी. इतर मुलांस गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या वयांत व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयांत द्यावी, आणि पुढील दोन आठवडे मुलावर लक्ष ठेवावें, इतकीच आमची विनंति आहे.