मैदानाच्या कायद्याशी इमान राखणारा चित्रकथाकार

२०१२ सालच्या डिसेंबरात ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही चलच्चित्रमालिका हिंदी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या वस्तीतील त्या क्रिकेटवेड्या मुलाची कहाणी मुळात इक्की काजिवारा यांनी लिहिलेल्या आणि १९६६ पासून एका जपानी साप्ताहिकात गाजलेल्या ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलच्या चित्रकथेची क्रिकेटी आवृत्ती आहे, हे फार थोड्या मराठी प्रेक्षकांच्या ध्यानी आले असेल. मूळ कथेतील बाप मुलाच्या अंगावर स्प्रिंगांचे कवच चढवून त्याचे बाहू बळकट करतो. भारतीय आवृत्तीत स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. तपश्चर्येने अमानुष सामर्थ्य मिळविणाऱ्या वीराची ही परंपरा जितकी रोमहर्षक तितकीच वास्तवापासून दूर होती, आणि तिला खऱ्या मैदानाची माती लावण्याचे श्रेय प्रामुख्याने शिंजी मिझुशिमा यांच्याकडे जाते.

१९३९ साली निइगाता येथे जन्मलेल्या मिझुशिमांना घरच्या दारिद्र्यामुळे पुढील शिक्षण सोडून मासळीच्या घाऊक व्यापारात राबावे लागले; १९५८ मध्ये त्यांची पहिली चित्रकथा प्रसिद्ध झाली आणि १९७२ मध्ये आरंभिलेल्या ‘दोकाबेन’ने त्यांचे नाव घरोघर पोहोचविले. या कथेचा नायक तारो यामादा हा चेंडू फेकणारा तडफदार पिचर नसून, तोंडावर जाळी बांधून त्याच्यासमोर उकिडवा बसणारा, स्थूल शरीराचा कॅचर आहे, या एका निवडीतच लेखकाची दृष्टी स्पष्ट होते.

त्यांच्या वास्तवनिष्ठेचा सर्वांत बोलका दाखला पुढे प्रत्यक्ष मैदानावरच मिळाला. बेसबॉलमध्ये फटका अधांतरी झेलला गेला, तर धावकाने आपल्या बेसला परत स्पर्श केल्याखेरीज पुढे जाता कामा नये; परंतु या चुकीबद्दल क्षेत्ररक्षकांनी रीतसर दाद मागितली, तरच तो बाद ठरतो. एक गडी बाद असताना झेल घेऊन दुसरा गडी बाद झाला आणि लगोलग पहिल्या बेसकडे चेंडू फेकून तिसराही टिपला गेला, तर तीन बळींनी डाव संपल्याच्या समाधानात क्षेत्ररक्षक तंबूकडे वळतात. मात्र तिसऱ्या बेसवरचा धावक त्या तिसऱ्या बळीपूर्वी ‘होम प्लेट’वर पोहोचलेला असेल आणि त्याच्याविरुद्ध कोणी दाद मागितली नसेल, तर त्याची धाव कायदेशीर ठरते. हा दुर्मीळ प्रसंग मिझुशिमांनी ‘दोकाबेन’मध्ये तपशीलवार रंगविला होता. २०१२ च्या उन्हाळ्यात जपानमधील कोशिएनच्या शालेय बेसबॉल स्पर्धेत नारुतो शाळेविरुद्ध खेळताना कुमामोतोच्या सेइसेइको शाळेने नेमकी अशीच धाव मिळविली, आणि हा नियम आपण ‘दोकाबेन’ वाचून शिकलो, असे त्या मुलांनी सांगितले. क्रीडाकथेने केवळ स्फूर्ती न देता ज्ञानही द्यावे, ही अपेक्षा याहून संपूर्णपणे क्वचितच सफल झाली असेल.

१९७३ पासून २०१४ पर्यंत चाललेल्या ‘आबु-सान’मध्ये त्यांनी याच निष्ठेने काळालाही वाट दिली. नानकाई हॉक्स या खऱ्या संघाकडून खेळणारा, मद्यप्रिय आणि ऐन वेळी बदली फलंदाज म्हणून उतरणारा यासुताके कागेउरा वाचकांच्या डोळ्यांदेखत वयाने वाढत गेला. संघाची मालकी आणि मुक्काम बदलले तसे कथेतही बदलले, आणि २००९ मध्ये नायकाने निवृत्ती पत्करली. मिझुशिमांचे निधन १० जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी झाले.

मिझुशिमांची ही वाट आपल्याकडेही चोखाळता येईल. देवळाली कॅम्पसारख्या छावणीच्या गावात, जिथे तोफखाना विद्यालयामुळे नाना प्रांतांतील कुटुंबे एकत्र येतात आणि त्यांची मुले एकाच मैदानावर निरनिराळ्या भाषांत बाद-नाबादचे वाद घालतात, तिथे अशा कथांना विषयांची उणीव कशी भासेल? आपल्या शाळांतून खो-खो, कबड्डी आणि बेसबॉलच्या कुळातला सॉफ्टबॉलही खेळला जातो. प्रत्येक खेळाची नियमावली आणि प्रत्येक सामन्याची गुणपत्रिका ही कथाबीजांची दप्तरे आहेत. आमच्या तरुण लेखकांना व चित्रकारांना आग्रहाची विनंती आहे, की अजिंक्य नायक कल्पिण्यापूर्वी त्यांनी पंचाशेजारी बसून एक हंगाम पाहावा, नियम मुखोद्गत करावेत आणि मगच लेखणी उचलावी. मराठी मुलांना त्यांच्या खेळाची खरी कथा मिळणे हा त्यांचा हक्क आहे.