घडीचा पिंजरा : कोंबड्यांच्या वाहतुकीसाठी एक उपयुक्त साधन

कुक्कुटपालन हा कोरडवाहू शेतकऱ्याचा हक्काचा जोडधंदा आहे. सोलापूर जिल्ह्यासारख्या पावसाची शाश्वती नसलेल्या भागात तर त्याचे महत्त्व अधिकच. पीक हातचे गेले तरी परसातील दहा-बारा कोंबड्या घरातील मीठ-मिरचीचा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवितात. पक्ष्यांची निपज, त्यांचे खाद्य, त्यांना टोचावयाच्या लसी या विषयांवर आजवर पुष्कळ मार्गदर्शन झाले आहे. परंतु वाढविलेला पक्षी घरापासून बाजारापर्यंत कसा न्यावा, या साध्या प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आठवडे बाजाराच्या वाटेवर दिसणारे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. पाय बांधून सायकलच्या दांडीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या, एसटीच्या टपावर उन्हात ठेवलेले डालगे, टेम्पोत एकावर एक रचलेल्या मोडक्या पेट्या. अशा प्रवासात पंख मोडतात, पाय सुजतात, मांसावर काळेनिळे डाग पडतात. काही पक्षी गुदमरून वाटेतच मरतात. जे पोहोचतात त्यांचेही वजन घटलेले असते. हे सारे नुकसान व्यापाऱ्याचे नसून शेवटी पक्षी विकणाऱ्या कुटुंबाचेच असते, कारण मलूल पक्ष्याचा भाव बाजारात पाडूनच मागितला जातो.

यावर चांगला पिंजरा हा उपाय आहे. मग तो वापरला का जात नाही? त्याचे एक मुख्य कारण परतीच्या प्रवासात आहे. पक्षी विकले गेल्यावर रिकामा पिंजरा भरलेल्या पिंजऱ्याइतकीच जागा अडवितो. रिकाम्या पेट्यांचे भाडे भरण्यापेक्षा पाय बांधलेले बरे, असा हिशेब लहान उत्पादक करतो. म्हणूनच पक्षी नेताना उभा राहणारा आणि परत येताना घडी होऊन मिटणारा लाकडी पिंजरा गावच्या सुताराला करता येईल काय, हा विचार महत्त्वाचा ठरतो.

जुना धडा

वाहनाने ओझे वाहावे, स्वतःचे रिकामे वजन आणि आकारमान वाहू नये, हा विचार सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या या रेल्वेची आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने केली. डब्याचे स्वतःचे वजन कमीत कमी आणि त्यात मावणारा माल जास्तीत जास्त असावा, हे सूत्र धरून त्याने तिचे डबे तयार करविले. कोंबड्यांचा पिंजरा ही त्यामानाने फारच लहान वस्तू. तथापि सूत्र तेच आहे.

माप आधी पक्ष्याचे

पिंजऱ्याची आखणी करताना सुरुवात घडीपासून करू नये, पक्ष्यापासून करावी. पक्ष्याला किती जागा लागते हे अंदाजावर सोडलेले नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली १९७८ साली प्राणी वाहतुकीचे नियम करण्यात आले आणि २००१ साली त्यांत कुक्कुट पक्ष्यांच्या वाहतुकीविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार प्रौढ कोंबडीस किमान ४८० चौरस सेंटिमीटर तळजागा हवी. बारा प्रौढ कोंबड्यांसाठी पिंजरा ११५ सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच असावा. तीन महिन्यांच्या पक्ष्यास २३० चौरस सेंटिमीटर जागा लागते. अशा बारा पक्ष्यांसाठी ५५ सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच पिंजरा पुरतो. नर आणि मादी एकाच पिंजऱ्यात ठेवू नयेत, असेही नियम सांगतात.

या मापांमागे कारण आहे. जागा अपुरी असली तर पक्षी एकमेकांच्या अंगाच्या उष्णतेने तापतात. जागा फार मोकळी असली तर गाडीने अचानक वेग कमी करताच सारे पक्षी एका कोपऱ्यात आदळतात आणि तळाचे चेंगरतात. म्हणून ११५ सेंटिमीटर लांबीच्या पिंजऱ्यात मधोमध एक आडवी फळी घालून सहा-सहा पक्ष्यांचे दोन भाग करणे हिताचे असते.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि अंगातील उष्णता ती चोच उघडून, धापा टाकून बाहेर टाकते. उन्हाळ्यात ज्या जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेथे पिंजऱ्याच्या चारही बाजूंनी वारा खेळणे ही चैन नव्हे, ती पक्ष्याच्या जीविताची अट होय. बाजूंना फळ्या न ठोकता उभ्या पट्ट्या लावाव्यात. दोन पट्ट्यांमधील फट अशी असावी की हवा आत जाईल, पण पक्ष्याचे डोके किंवा पंख बाहेर येणार नाही. प्रौढ पक्ष्यांसाठी सुमारे अडीच सेंटिमीटर फट ठेवून पाहावी.

घडी कशी पडते

आता घडीचा विचार करू. पिंजऱ्याचे सहा भाग असतात : एक तळ, दोन लांब बाजू, दोन आखूड बाजू आणि एक झाकण. प्रत्येक भागाची चौकट अडीच सेंटिमीटर जाडीची धरली, तर तळ आणि झाकण बाहेरून १२० सेंटिमीटर लांब व ५५ सेंटिमीटर रुंद होतात.

प्रथम दोन्ही आखूड बाजू आत पाडावयाच्या. त्यांची उंची प्रत्येकी ४५ सेंटिमीटर, म्हणजे दोहोंची मिळून ९० सेंटिमीटर होते. आतली लांबी ११५ सेंटिमीटर असल्याने त्या एकमेकींवर न चढता तळावर एकाच थरात निजतात. मध्ये २५ सेंटिमीटरची मोकळी पट्टी उरते. मधली फळी २४ सेंटिमीटर उंचीची केली, तर ती काढून याच मोकळ्या जागेत ठेवता येते. तिच्यासाठी वेगळा थर लागत नाही.

लांब बाजूंचे तसे नाही. त्यांची उंची तळाच्या रुंदीच्या जवळपास असल्याने एक बाजू दुसरीवर येणारच. येथेच बहुतेक कारागिरांची चूक होते. चारही बाजूंच्या बिजागऱ्या तळाशी एकाच पातळीवर बसविल्या, तर खालचा थर आडवा येतो, वरची बाजू सपाट पडत नाही आणि जोर लावल्यास बिजागरीचे स्क्रू उपटतात. त्यासाठी बिजागऱ्यांना पायऱ्या द्याव्या लागतात. आखूड बाजूंच्या बिजागऱ्या थेट तळावर. पहिल्या लांब बाजूखाली तळावर अडीच सेंटिमीटर उंचीची पट्टी पक्की बसवून तिच्यावर बिजागरी. दुसऱ्या लांब बाजूखाली पाच सेंटिमीटर उंचीची पट्टी आणि तिच्यावर बिजागरी. साहजिकच पहिल्या लांब बाजूचा हलता भाग साडेबेचाळीस सेंटिमीटर आणि दुसरीचा चाळीस सेंटिमीटर उंचीचा करावा, म्हणजे उभा केल्यावर चारही बाजूंची वरची कड एका रेषेत येते.

अशा रीतीने तळाचा एक, आखूड बाजूंचा एक, लांब बाजूंचे दोन आणि झाकणाचा एक, असे पाच थर होतात. मिटलेल्या पिंजऱ्याची जाडी साडेबारा सेंटिमीटर भरते. उभ्या पिंजऱ्याची बाहेरील उंची तळ-झाकणासह ५० सेंटिमीटर असते. याचा अर्थ एका उभ्या पिंजऱ्याच्या जागेत चार मिटलेले पिंजरे मावतात.

मिटू नये तेव्हा मिटू नये

घडीच्या पिंजऱ्याचा गुण हाच त्याचा धोकाही आहे. वाटेत एक कडी निसटली आणि बाजू आत कलली, तर बारा पक्षी तिच्याखाली सापडतील. वाहतुकीचा पिंजरा कोसळणारा किंवा मोडणारा नसावा, असे नियमही बजावतात. म्हणून बिजागरीवर पिंजऱ्याचा भार टाकू नये. बिजागरीचे काम केवळ वळण्याचे. भार पेलण्याचे काम चौकटीने आणि झाकणाने करावयाचे.

याची सोपी रीत अशी. बाजूंच्या वरच्या कडांत दोन सेंटिमीटर लांबीच्या लोखंडी खुंट्या बसवाव्यात आणि झाकणाच्या चौकटीला त्याच जागी भोके पाडावीत. झाकण वरून बसविले की चारही बाजू जागच्या जागी जखडल्या जातात. शिवाय प्रत्येक कोपऱ्यावर बाहेरून वर-खाली दोन कड्या लावाव्यात. झाकणाच्या मध्यभागी एक सरकते दार ठेवावे, म्हणजे पक्षी आत ठेवताना किंवा काढताना संपूर्ण झाकण उघडावे लागत नाही.

नवा पिंजरा वापरात आणण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. दोन किलो वजनाचे बारा पक्षी धरले तर भार २४ किलो होतो. त्याच्या दीडपट, म्हणजे ३६ किलो वाळूच्या पिशव्या पिंजऱ्यात ठेवून तो दोन्ही बाजूंनी उचलावा, तिरपा करावा आणि गावच्या कच्च्या रस्त्यावरून गाडीतून फिरवून आणावा. सांधा हलला तर तो या वेळी कळलेला बरा.

लाकूड आणि कारागिरी

गावात जे लाकूड मिळते त्याचे गुणदोष सुतार जाणतो. बाभूळ टणक पण जड. आंबा हलका पण किडीला लवकर बळी पडणारा. निलगिरीच्या पट्टीत सरळ खिळा मारल्यास ती चिरते, म्हणून आधी भोक पाडून मग स्क्रू बसवावा. चौकटीसाठी कडुनिंब किंवा जुन्या इमारतीतील सागवान मिळाल्यास उत्तम. लाकूड कोणतेही असो, ते पुरते वाळलेले हवे. ओल्या लाकडाचा पिंजरा पहिल्याच उन्हाळ्यात पीळ खातो आणि घडी बसेनाशी होते. पट्ट्यांना रंधा मारून कडा गुळगुळीत कराव्यात आणि खिळ्याचे टोक आतल्या बाजूस राहू देऊ नये. पक्ष्याच्या छातीवरील ओरखड्यांना बहुधा असे एखादे टोकच कारणीभूत असते.

मोठ्या व्यापारात आता प्लॅस्टिकचे पिंजरे सर्रास वापरले जातात. ते धुण्यास सोपे असतात आणि पाणी शोषत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तुटलेला प्लॅस्टिकचा पिंजरा गावात दुरुस्त होत नाही. लाकडी पिंजऱ्याची मोडलेली पट्टी मात्र सुतार सहज बदलून देतो. महिन्यातून दोन-चार वेळा बाजार करणाऱ्या बचत गटाला हा फरक मोलाचा आहे.

स्वच्छता

लाकडाचा मोठा दोष हा की ते ओल आणि घाण धरून ठेवते. राणीखेत अर्थात मानमोडी रोगाचे विषाणू विष्ठेने माखलेल्या पिंजऱ्यातून एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ शकतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला, तेव्हा पक्ष्यांबरोबरच त्यांच्या साधनसामग्रीचीही काळजी किती घ्यावी लागते हे महाराष्ट्राने अनुभवले.

या बाबतीत घडीचा पिंजरा साध्या पेटीपेक्षा सरस ठरतो. झाकण काढून कड्या सोडल्या की चारही बाजू खाली करता येतात आणि एरवी हात न पोहोचणारे कोपरे उघडे पडतात. प्रत्येक खेपेनंतर प्रथम विष्ठा खरवडून काढावी, मग साबणाच्या पाण्याने घासून धुवावे, त्यानंतर जंतुनाशक लावावे आणि शेवटी कडक उन्हात वाळवावे. घाण तशीच ठेवून वरून जंतुनाशक शिंपडणे निरुपयोगी असते. पूर्ण वाळल्याशिवाय पिंजरा मिटू नये. वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात दिल्यास लाकूड पाणी कमी शोषते.

जाताना आणि येताना

रस्त्याने नेताना पक्ष्यांचे पिंजरे एकमेकांवर रचू नयेत, असा नियम आहे. पक्ष्यांना ऊन, पाऊस आणि थेट वाऱ्याचा झोत लागू देऊ नये, तसेच तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असताना वाहतूक करू नये, असेही सांगितले आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात हे फार तर पहाटे साधेल. जेव्हा तेही साधत नाही तेव्हा बाजार पुढे ढकलणे शहाणपणाचे. अंधारात पक्षी शांत असतात, त्यामुळे ते रात्री पकडून पहाटे निघावे. पकडताना पायांना धरून लोंबकळत न नेता अंगाखाली हात देऊन उचलावे. निघण्यापूर्वी दाणा-पाणी द्यावे आणि उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी मिळेल अशी तजवीज ठेवावी. पिंजऱ्याच्या बाहेरून अडकविता येईल अशी छोटी पन्हळ त्यासाठी पुरेशी आहे.

समजा, एका लहान टेम्पोच्या तळावर चार पिंजरे बसले. जाताना ४८ पक्ष्यांनी तळ भरून गेला. येताना तेच चार पिंजरे मिटून एका पिंजऱ्याच्या जागेत राहतात आणि टेम्पोचा तीन चतुर्थांश तळ मोकळा होतो. त्या जागेत कोंबडखाद्याची पोती, बियाणे किंवा किराणा भरून आणता येतो. परतीचे भाडे अशा रीतीने विभागले गेले, म्हणजे पक्ष्यांना पुरेशी जागा देणे लहान उत्पादकाला परवडू लागते. पक्ष्याचे सुख आणि पालकाचा हिशेब यांचा मेळ येथे बसतो.

गावाने काय करावे

या साधनासाठी मोठे भांडवल किंवा कारखाना लागत नाही. एकेका कुटुंबाने चार पिंजरे बाळगण्याऐवजी बचत गटाने किंवा ग्रामपंचायतीने ते सामाईक करवून घ्यावेत आणि प्रत्येक खेपेनंतर धुऊन परत करण्याची अट घालावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या विद्यार्थ्यांना असा पिंजरा सरावाचा विषय म्हणून देता येईल. शाळेतील शिक्षकांनी जाड पुठ्ठ्याचा लहान नमुना मुलांकडून करवून घेतला, तर क्षेत्रफळ, घनफळ आणि प्रमाण यांचा धडा आपोआप गिरविला जाईल. बिजागरीला पायरी का द्यावी लागते, हे त्या नमुन्यात मुलांच्याही चटकन लक्षात येईल. पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांनी लसीकरणासाठी गावात गेल्यावर पिंजऱ्याची मापे आणि स्वच्छतेची रीत समजावून सांगावी.

पहाटे अंगणातून निघालेली कोंबडी ज्या अवस्थेत निघाली त्याच अवस्थेत बाजारात पोहोचली, तर तिच्या मालकिणीच्या हाती तिच्या कष्टाचे पुरते मोल पडेल. त्यासाठी काही पट्ट्या, काही बिजागऱ्या आणि गावच्या सुताराचे दोन कुशल हात पुरेसे आहेत.