डांबरी रस्ता सोडताना
फोर-व्हील ड्राइव्ह मोटारीचा विवेकी उपयोग

मोटार ही वस्तू आपल्या व्यापारी समाजात आता नवलाची राहिलेली नाही. परंतु गेल्या काही वर्षांत पांढुर्णा व सौंसर येथील पेढ्यांपुढे एका निराळ्या जातीच्या मोटारी उभ्या दिसू लागल्या आहेत. उंच बांध्याच्या, रुंद टायरांच्या व चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या अशा या गाड्या होत. दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीप ही त्यांची पूर्वज होय. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने ती मुंबईत जुळवून विकावयास आरंभ केला, आणि पुढे कित्येक वर्षे अशी गाडी बहुधा जंगल खाते, पोलीस व लष्कर यांच्याकडेच दिसे. २०२० साली नवी थार व २०२३ साली जिम्नी बाजारात आली आणि ही गाडी गृहस्थाच्या अंगणात आली. आमच्या घरोघरची तरुण मंडळी आता सुटीच्या दिवशी डांबरी रस्ता सोडून सातपुड्याच्या उतारांकडे व नदीनाल्यांकडे वळतात. ही हौस वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र गाडी जेथे जाऊ शकते तेथे ती नेण्याचा आपणास अधिकार असतोच असे नाही, हा भेद नव्या मालकांनी ध्यानी घ्यावा एवढ्यासाठी हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम यंत्राविषयी. गाडी घेताना ती खरोखर चारही चाकांना ओढ देणारी आहे काय, हे पाहावे. कारण थारसारखी गाडी केवळ मागील दोन चाकांना ओढ देणाऱ्या प्रकारातही मिळते, व बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. चार चाकांची ओढ चढावर व चिखलात कामी येते, परंतु ब्रेक मारल्यावर गाडी लवकर थांबावी यासाठी तिचा काही उपयोग नाही. ज्या गाड्यांत ही ओढ दांड्याने जोडावी लागते, त्यांत ती कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडून ठेवू नये. वळणावर पुढील व मागील चाकांचे फेरे सारखे पडत नाहीत व सर्व ताण यंत्रावर येतो. खडी चढण, खोल चिखल वा तीव्र उतार असेल तेथे 'लो' गिअर घालून सावकाश जावे. उतारावर ब्रेकपेक्षा इंजिनाच्या आवरावर भिस्त ठेवावी, आणि टेकडीच्या कुशीवर गाडी आडवी वळवू नये, ती उलटण्याचे भय असते.

आता जमिनीविषयी. आपल्या भागातील बरीच शेती काळ्या मातीत आहे. ही माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. ओली असता तिची भार सोसण्याची शक्ती नाहीशी होते. जड गाडीचे चाक तेथे फिरत राहिले की खोल चाकोरी पडते, तळची माती दाबली जाऊन घट्ट होते आणि पुढच्या सरीचे पाणी त्याच चाकोरीतून धावू लागते. पाहता पाहता तिचा ओहोळ बनतो. ज्या पांदणीने शेतकऱ्याची बंडी कापूस, संत्री वा तूर घेऊन बाजाराकडे यावयाची, ती पांदण अशा रीतीने एका दिवसाच्या मौजेपायी हंगामभर निकामी होऊ शकते. धुरा फुटला तर शेतातील मातीही वाहून जाते. आपल्या धर्मात साधुसाध्वी चातुर्मासात विहार करीत नाहीत, कारण ओल्या भूमीवर असंख्य जीव पायाखाली येतात. नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या गाड्या चिखल शोधीत हिंडाव्यात, हे विचार करण्यासारखे आहे.

चाकांना चिकटलेली मातीही निरुपद्रवी नसते. संत्र्याच्या झाडास मारणारा डिंक्या रोग जमिनीतील बुरशीपासून होतो, आणि ती बुरशी ओल्या मातीबरोबर एका बागेतून दुसरीत जाऊ शकते. गाजरगवताची कथा आम्हा धान्य व्यापाऱ्यांस विशेष लागू आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले हे गवत परदेशी धान्याबरोबर आले असे मानतात. त्याचे बारीक बी आता चाकांच्या चिखलातून गावोगाव पोचते. म्हणून बागेच्या वाटेवर जाण्यापूर्वी व परतल्यावर चाके धुवावीत.

यापुढे कायद्याची बाजू. पडीक दिसणारी जमीन बेवारस असते असा समज चुकीचा आहे. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ प्रमाणे गावच्या वहिवाटीच्या वाटा वाजिब-उल-अर्जात नोंदलेल्या असतात, निस्तार पत्रकात चराईसारख्या सामायिक हक्कांची नोंद असते, आणि वाटेचा तंटा उद्भवल्यास कलम १३१ अन्वये तहसीलदार त्याचा निर्णय करतो. वहिवाटीची वाट ही शेतकऱ्याच्या जाण्यायेण्यासाठी असते. तिच्यावर गाड्यांचे खेळ करण्याचा हक्क त्यातून निघत नाही. खाजगी शेतात जावयाचे तर मालकास आधी विचारावे, आणि त्याने नाही म्हटले तर नमस्कार करून परतावे.

जंगलाचा नियम याहून कडक आहे. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान यांस १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो, व त्याखालील गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस आहे. आमच्या उत्तरेचे छिंदवाड्याचे डोंगरी रान हे सातपुडा व पेंच या व्याघ्रप्रकल्पांना जोडणाऱ्या पट्ट्यात मोडते, म्हणून तेथील प्रत्येक पायवाट आपली समजू नये. परवाना असला तरी संयम सुटत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळील उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट अडविली. या गाड्या रीतसर प्रवेश घेऊनच आत गेलेल्या होत्या. तरीही चालक व मार्गदर्शक निलंबित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली.

डांबर संपले म्हणजे मोटार कायदा संपला, असेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात जेथे लोकांस जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा सार्वजनिक मानली आहे. तेव्हा परवाना, विमा व बेपर्वाईचा दंड तेथेही लागू होतो. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलातील लाहौल येथे चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेणाऱ्यावर पोलिसांनी दंडाची कारवाई केली. त्याच अधिनियमाचे कलम ५२ गाडीत मूळ नोंदणीशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि पुढे लावावयाच्या लोखंडी गार्डांविरुद्ध केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांस लिहिलेले आहे. दुकानदार विकतो म्हणून ती वस्तू कायदेशीर ठरत नाही. विमापत्रही नीट वाचावे. शर्यत व वेगचाचणी त्यातून वगळलेली असते, आणि पाणी शिरून इंजिन बिघडल्यास साध्या विम्यात बहुधा भरपाई मिळत नाही.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. जाम वा कन्हान यांना पूर आला असता रपट्यावरून गाडी घालू नये. वाहते पाणी गुडघ्याइतके झाले की बहुतेक मोटारी वाहून जाऊ शकतात. चार चाकांची ओढ तेथे उपयोगी नाही, कारण चाक जमिनीस टेकलेलेच नसते.

व्यवहारासाठी थोडके नियम असे. एकट्याने न जाता दोन गाड्यांनी जावे. अनोळखी ठिकाण आधी पायी उतरून पाहावे. जुनी चाकोरी सोडून नवी पाडू नये. चाक जागीच फिरू लागले तर एक्सिलरेटर सोडावा, अधिक दाबू नये. गाडी ओढून काढताना पट्टा भक्कम हुकासच अडकवावा, आणि इतरांनी दूर उभे राहावे, कारण तुटलेला पट्टा गोळीसारखा येतो. टायरची हवा कमी केली असल्यास डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरावी. गुरे दिसली तर थांबावे, उघडलेले फाटक लावून घ्यावे, आणि काही मोडले तर मालकास शोधून भरपाई द्यावी.

शेवटी एक व्यापारी म्हणून सांगणे आहे. आपला सारा धंदा खेड्यातील माणसाच्या विश्वासावर चालतो. ज्याच्या धुऱ्यावरून रविवारी आपल्या मुलाची गाडी गेली, तोच सोमवारी आपल्या आडतीवर माल घेऊन येतो, आणि गाडी कोणाची होती हे त्यास ठाऊक असते. त्याने तो माल दुसऱ्या दुकानी नेला तर दोष बाजाराला देता येणार नाही. तेव्हा नव्या गाडीची किल्ली मुलाच्या हाती देताना हा हिशेबही त्यास समजावून द्यावा, अशी सर्व बंधूंस आमची विनंती आहे.