घरगुती मालाची चित्रफीत

पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरी गावात नाचणीचे पापड करणाऱ्या भगिनींना ग्राहक दूर पडतो. चित्रफितीने तो जोडता येतो. मात्र त्याला माल हाताळता येत नसल्याने कृती दाखवूनच त्याचा विश्वास संपादन करावा लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांनी सत्तरीच्या सुमारास, २०२० साली, नातवाच्या साहाय्याने यूट्यूबवर 'आपली आजी' ही वाहिनी सुरू केली. घरच्या बोलीत घरचे पदार्थ दाखवूनच त्यांना लाखो प्रेक्षक लाभले.

पापडाचे वाळवण पावसाळ्यापूर्वी होते. म्हणून वर्षभराचे चित्रण तेव्हाच, सकाळच्या उजेडात उरकावे. भाजलेला पापड आरंभीच दाखवावा. नंतर पीठ, उकड, लाटणे व वाळवण ही कामे क्रमाने यावीत. वाऱ्याने बोलणे अस्पष्ट होते, यास्तव निवेदन घरात मुद्रित करावे. शेवटी वजन, भाव व मागणीचा क्रमांक सांगावा.

विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करून तिचा क्रमांक वेष्टनावर छापावा. तयार मालाइतकीच मागणी स्वीकारावी. चित्रात दिसला तसाच पापड पुडक्यात निघाला, तरच ग्राहक पुन्हा मागणी करतो.