काविळीतली उलटी झोप

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा इथल्या जुन्या मराठी घरांत कावीळ म्हटली की तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू आणि गळ्यात माळ. माळ लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, असा समज. रोज सकाळी रोग्याला उजेडात नेऊन डोळे तपासायचे. पिवळेपणा कमी-जास्त होतो यावर घरादाराचा जीव टांगलेला. धोका मात्र दुसरीकडून येतो. रोगी रात्री टक्क जागा, दुपारी गाढ झोपेत. जवळच्यांची नावं चुकतात. शांत माणूस उगाच चिडतो. पंजे ताठ धरायला सांगितले तर हात पंख फडफडल्यासारखे हलतात. ही थरथर 1949 साली अ‍ॅडम्स आणि फोली या डॉक्टरांनी वर्णन केली.

यकृताच्या दुखण्यात मेंदू का बिघडावा? आतड्यात अमोनिया सतत तयार होतो. यकृत त्याचा युरिया करतं, तो लघवीवाटे जातो. 1890 च्या दशकात पावलोव आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांचं आतड्याकडून येणारं रक्त यकृताला वळसा घालून नेलं, तेव्हा मांस खाल्ल्यावर ती कुत्री भ्रमिष्ट व्हायची.

यकृत काही दिवसांत कोसळलं की अमोनिया मेंदूत शिरतो. तिथे त्याला आवरण्याचं काम तारकापेशी नावाच्या आधारपेशींचं. त्या अमोनिया आणि ग्लुटामेट जोडून ग्लुटामिन बनवतात. विष आवरलं, पण ग्लुटामिन साठलं, आणि ते पाणी ओढून घेतं. पेशी फुगतात. कवटी हाडाची, तिथे जागा कुठली! दीर्घकाळच्या सिरोसिसमध्ये या पेशींना इतर द्रव्यं बाहेर टाकून तोल सावरायला वेळ मिळतो. अचानक आलेल्या आघातात तो मिळत नाही. म्हणूनच मेंदूला सूज येऊन मृत्यू ओढवतो तो मुख्यतः या तीव्र प्रकारात. अल्ब्रेख्ट आणि नोरेनबर्ग या संशोधकांनी 2006 मध्ये आणखी एक मुद्दा मांडला: ग्लुटामिन मायटोकॉन्ड्रियात शिरतं आणि तिथे पुन्हा फुटून अमोनिया मोकळा होतो. पेशीची ऊर्जा बनते तिथेच घाव बसतो.

मायटोकॉन्ड्रियाचं नाव निघालं की मला आमचं सयाजीगंज आठवतं. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1955 साली जीवरसायनशास्त्राचा विभाग सुरू झाला. पॅरासिटामॉलच्या जबर मात्रेने उंदरांच्या यकृतातले मायटोकॉन्ड्रिया कसे दुबळे होतात, यासारख्या प्रश्नांवर इथे काम झालं आहे. ब्रिटन-अमेरिकेत तीव्र यकृतनिकामीपणाचं मोठं कारण पॅरासिटामॉल आहे. आपल्याकडे अजूनही विषाणू आहेत.

त्यातही हेपटायटिस ई हा दूषित पाण्याचा. दिल्लीत 1955-56 मध्ये यमुनेत शिरलेलं सांडपाणी नळात आलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली; गरोदर स्त्रियांचे मृत्यू फार झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने या विषाणूवर वर्षानुवर्षं काम केलं. वडोदऱ्याला महाराजा सयाजीरावांच्या काळात आजव्याचं तळं मिळालं. पाण्याची ती दूरदृष्टी मला त्यांच्या राजवाड्यांपेक्षा मोठी वाटते. पण 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरांत शिरली तेव्हा नळाच्या पाण्याकडे बघून आम्हां साऱ्यांनाच भीती वाटली. उत्तर गुजरातेत मोडासा परिसरात 2009 साली वापरलेल्या सुयांमधून हेपटायटिस बी पसरला आणि कित्येकांची यकृतं दिवसांत निकामी झाली. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत उंदीर मारण्याच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टमुळेही असे रोगी येतात.

आज डोकं उंचावून ठेवणं, तीव्र मिठाचं सलाइन, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध, प्लाझ्मा बदलणं आणि शेवटी यकृत प्रत्यारोपण असे उपाय हाताशी आहेत. पण ते वेळेवर पोचलेल्यांसाठी.

उशीर कुठे होतो? अनेकदा झोपेच्या गोळीपाशी. रात्रभर जागणाऱ्याची दया येऊन घरचे ती देतात. आजारी मेंदूत तारकापेशी अशी द्रव्यं बनवतात जी गाबाचा, म्हणजे मेंदू शांत करणाऱ्या रसायनाचा, जोर वाढवतात. अनेक झोपेच्या गोळ्या त्याच कुलपाला लागतात. रोगी झोपतो. सकाळी घरचे निश्चिंत, डोळेही कालपेक्षा कमी पिवळे दिसतात म्हणून आनंदलेले, आणि दुपारपर्यंत त्याला उठवता येत नाही.